पिल्लांचं पोट आणि चाचांचे खिसे

साखरेचा डबा बंद करण्यापूर्वी बाबा तो हलकेच आपटून आतली साखर सपाट करत आणि तिच्यावर बोटानं एक खूण काढत. कधी चांदणी, कधी फुली, कधी नुसतीच तिरकी रेघ. आदल्या दिवशीची खूण जागेवर नसली, की चहा पिता पिता ते आईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत. त्यांचं सगळं आयुष्य फौजेच्या रसद खात्यात गेलं होतं. गव्हाची पोती, डाळीचे डबे, तेलाची पिंपं यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं आणि कोण काय उचलतंय ते हेरायचं, हेच त्यांचं काम. आईनं यावर आपला उपाय काढला होता. साखर लागली की ती खुशाल काढून घेई, डबा आपटून सपाट करी आणि वर पुन्हा तीच खूण काढून ठेवी. चांदणी तर तिला बाबांपेक्षाही सुबक जमे. बाबांना हे ठाऊक होतं की नाही, याचा मला आजतागायत पत्ता लागलेला नाही. अशा घरात वाढलेली मुलगी भोळी कशी निघणार? मी आजही दुधाची पिशवी वास घेतल्याशिवाय फोडत नाही आणि कुणी विनाकारण गोड बोललं तर आधी हातातली पर्स जवळ ओढते.

आम्ही मनीमाजऱ्यात राहत होतो. चंदिगडच्या आखीव सेक्टरांत जो शिस्तीचा तोरा आहे, तो मनीमाजऱ्याला नाही. वाकड्या गल्ल्या, भांड्यांची दुकानं, ई-रिक्षांचे भोंगे आणि मधूनच रेल्वेची शिटी. पहाटे गुरुद्वाऱ्यातला पाठ ऐकू आला की बाबा उठत. घर दुमजली होतं. वर आम्ही आणि खाली जोगिंदर चाचा. चाचा बाबांच्याच डेपोत त्यांच्या हाताखाली हवालदार होते. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही कऱ्हाडला परत जाऊ असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पण चाचांनी खालचा मजला स्वतःला ठेवून वरचा बाबांना दिला आणि आम्ही तिथेच राहिलो. पहिल्याच दिवशी बाबांनी त्यांना सांगितलं, की आता ‘साब’ म्हणायचं नाही. मग चाचा त्यांना ‘वीरजी’ म्हणू लागले, म्हणजे थोरले भाऊ. जिन्यावरून वाट्यांची ये-जा चाले. वरून पिठलं जाई, खालून राजमा येई. आई नि चाची दोघीही वाटी रिकामी परत पाठवत नसत. धुऊन पाठवायची झाली तरी तळाला निदान चिमूटभर साखर असायचीच.

दोघा निवृत्तांनी मिळून डुकरं पाळायची ठरवली. मनीमाजऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला, एक शेड भाड्यानं घेतली. तिथून आयटी पार्कच्या काचेच्या इमारती दिसत. त्यांच्या बाजूनं वारा आला तर ठीक. आमच्या बाजूनं त्यांच्याकडे गेला, की संध्याकाळपर्यंत कुणीतरी तक्रार घेऊन हजर. कऱ्हाडच्या काकांना बाबांनी फोनवर ‘पशुपालन करतोय’ एवढंच कळवलं होतं. काका पडले बाबांचेच भाऊ. त्यांनी विचारलं, ‘‘पशू म्हणजे नक्की कोण?’’ बाबा म्हणाले, ‘‘आवाज कट होतोय.’’ पुढे एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मागे एक डुकरीण अशी काही किंचाळली की काकांचा चेहराच बदलला. त्यानंतर बराच काळ त्यांच्याकडून दिवाळीचा फराळ आला नाही. आईनं नाकाला पदर लावून पहिला आठवडा काढला, दुसऱ्या आठवड्यात पिल्लांना नावं दिली. डुकराचं पिल्लू इतकं देखणं असतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. गुलाबी कान, ओलं नाक, आणि डुकरिणीला चिकटलेली सगळी ओळ एकदमच झोपायची.

दुखणं सुरू झालं ते पिल्लं आईपासून तोडल्यावर. अंगावरचं दूध बंद झालं, दाण्याचा खुराक सुरू झाला आणि चारच दिवसांत हगवण लागली. पातळ, पिवळट, आणि असा वास की डुकरांच्या वासाला सरावलेले आम्हीसुद्धा मागे सरायचो. पिल्लांच्या पाठीचे मणके दिसू लागले. खायला मात्र तुटून पडत. सकाळी खेळणारं पिल्लू दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात आडवं. आईनं नावं दिली होती, त्यामुळे ते दुखणं आमच्या घरात शिरलं. ती जेवताना घास हातात धरून बसे. मला तर शेडकडे जायचीच भीती वाटू लागली. आज कोण गेलं असेल, म्हणून मी दारातूनच पिल्लं मोजायची.

बाबांनी निदान एका मिनिटात केलं. ‘‘खुराकाची चोरी होतीये,’’ ते म्हणाले. ‘‘कागदावर पूर्ण रेशन आणि माणूस वाळलेला, याचा अर्थ एकच असतो.’’ त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात प्रोटीन बसलं होतं. मोबाइलवर कुठला तरी दाढीवाला माणूस ‘सारा खेल प्रोटीन का है’ असं ओरडून सांगायचा आणि बाबा मान डोलवायचे. मलाही सकाळ-संध्याकाळ मोड आलेले मूग चावावे लागत. (माझी जाऊ आता तिच्या मुलाला कसलीशी पावडर दुधात ढवळून देते. मी फक्त डब्याकडे बघते, आणि ती माझ्याकडे.) तेव्हा पिल्लं वाळली म्हणजे त्यांच्या वाट्याची सोयाबीनची पेंड आणि मासळीचा चुरा कुणीतरी बाहेर विकतोय, हे बाबांच्या दृष्टीनं सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. आणि खुराकाच्या खोलीची किल्ली दोघांकडेच होती. एक बाबांकडे, दुसरी चाचांकडे.

चाचांवर आळ घेणं त्यांना जड गेलं असणार. पण संशयाचं असं असतं, की तो एकदा आला म्हणजे आधीच्या सगळ्या गोष्टी नव्यानं वाचायला लावतो. चाचा हल्ली लवकर का जातात? दुकानदाराशी हळू आवाजात काय बोलतात? मला त्यांनी वाढदिवसाला चपला घेतल्या, त्या कशातून? बाबांनी पेंडीच्या पोत्यावर साखरेसारखीच खूण काढून ठेवायला सुरुवात केली आणि एका सकाळी मला बोलावून म्हणाले, ‘‘सुमे, तू लवकर उठतेस. जोगिंदर काय नेतो-आणतो त्यावर लक्ष ठेव. शाळेला जायच्या आधी शेडवर चक्कर टाकायची. कुणाला कळता कामा नये.’’

मी लक्ष ठेवलं. खरं सांगायचं तर मला त्यात मजाच वाटली. उजाडता उजाडता सायकलनं जायचं आणि शेजारच्या पॉपलरच्या झाडांमागे उभं राहायचं. चाचा स्कूटरवरून आले. पायाशी फडक्यानं झाकलेली बादली. दोन्ही हातांनी जड बादली धरून ते खुराकाच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं एका बोटावर रिकामी बादली झुलवत बाहेर आले. मी हे जसंच्या तसं बाबांना सांगितलं.

‘‘म्हणजे रिकामी नेतो आणि भरून आणतो,’’ बाबा म्हणाले.

‘‘नाही हो बाबा, उलटं. भरून नेतात, रिकामी आणतात.’’

‘‘तुला दिसावं म्हणूनच. कसलेला चोर उलटंच दाखवतो.’’

आई भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता म्हटलं, ‘‘संशयाला औषध नाही.’’ पण त्यापुढे ती काही बोलली नाही, आणि माझ्या नजरेतून ते सुटलं नाही. एरवी चाचांची बाजू घ्यायला ती सगळ्यात पुढे असायची. आणखीही एक गोष्ट मला खटकत होती. पहाटे जिन्यातून कसल्यातरी शिजत्या कडधान्याचा उग्र वास वर येई, पण खालून वाटी काही येत नसे. आमच्या स्वयंपाकघरातली दाण्याच्या कुटाची बरणीही हल्ली भलतीच लवकर तळ गाठत होती, आणि भाजीत तर कूट पूर्वीपेक्षा कमीच. सगळे एकमेकांपासून काहीतरी लपवत होते. मी कुणाकुणावर म्हणून लक्ष ठेवणार?

पिल्लं मरतच राहिली. बाबांनी खुराकात पेंड आणि चुरा वाढवला. हगवण वाढली. त्यांनी आणखी वाढवला. मग एका रविवारी सकाळी चाचांनी फोन करून जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. नुकतीच शिकून आलेली, नवजोत नावाची मुलगी होती. ती येते आहे हे कळल्यावर बाबा खूश झाले. ‘‘मेलेलं पिल्लू उघडायला सांगतो,’’ ते आईला म्हणाले. ‘‘पोट रिकामं निघेल. पंचनामाच होऊन जाऊ दे.’’ आम्ही तिघंही शेडवर गेलो. चाची आधीच आली होती. चाचा खुराकाच्या खोलीतून बाहेर पडत होते, पायजम्यावर लांब कुडता, त्याला दोन्ही बाजूंना खोल खिसे. बाबा दारात उभे राहिले. डेपोच्या फाटकावर संध्याकाळी हमाल बाहेर पडताना ते जसे उभे राहत असतील तसे.

‘‘जोगिंदर, जेब दिखा.’’

चाचांना आधी थट्टा वाटली. ते हसले. मग त्यांनी बाबांचा चेहरा पाहिला. मी तो क्षण विसरू म्हटलं तरी विसरत नाही. एवढा धिप्पाड माणूस, त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही खिशांचं पांढरं अस्तर बाहेर ओढलं. उजव्या खिशातून सोयाबीनचे दाणे सांडले. पिवळे, गोल, फरशीवर टपटपत गेलेले. चाचीनं तोंडावर ओढणी धरली.

‘‘यह क्या है?’’

मलाच राहवलं नाही. ‘‘बाबा, आपल्या खोलीत सोयाबीनची पेंड आहे. दाणा नाहीच आहे!’’ रसद खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये, याची मला चीड आली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘पेंड देऊन बदलून घेतला असेल,’’ ते म्हणाले. चाचा एवढंच बोलले, ‘‘ठीक है, साब.’’ वीरजी नाही. साब. त्यांनी आपल्याकडची किल्ली काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. आता हे घर मोडणार, आम्हाला वरचा मजला सोडावा लागणार, आई आणि चाची एकमेकींना दिसणार नाहीत, हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसलं आणि मला रडू फुटलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची गाडी आली.

तिनं पत्र्यावर त्या दिवशीचं पिल्लू ठेवलं, हातमोजे चढवले आणि ते उघडलं. बाबा हात मागे बांधून वाकून बघत होते. पोट तट्ट भरलेलं होतं.

‘‘अंकल, ये भूखा नहीं मरा,’’ ती म्हणाली. ‘‘इसको तो खिला-खिला के मारा है.’’

तिनं कात्रीच्या टोकानं आतडी बाजूला घेतली. लहान आतडं फुगलेलं आणि लाल होतं, त्याची भिंत ओल्या कागदासारखी पातळ झालेली. खालच्या मोठ्या आतड्यात ते सडकं पिवळं पाणी. मग तिनं आम्हाला समजावून सांगितलं, हिंदीत, मधूनच पंजाबीत, शाळेत बाई सांगतात तसं. काल-परवापर्यंत नुसतं दूध पिणारं हे पोट. त्याला एवढं प्रोटीन फोडायची ताकदच अजून आलेली नाही. वर जे पचत नाही ते खाली जातं आणि तिथे सडतं. त्या सडण्यावर वाईट जंतू पोसले जातात, चांगले मरतात, आतड्याचं अस्तर सोलवटतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही आणि पिल्लू वाळतं. ‘‘आप समझते हो कमज़ोर है, और डालते हो. जितना डालोगे उतना सड़ेगा.’’

मग तिनं बाबांना काय काय खायला घालता ते विचारलं. बाबांनी मका, पेंड, चुरा असं धडाधड प्रमाण सांगितलं. तिनं मान हलवली. पोटातला ऐवज तिनं बोटांनी पसरला होता. ‘‘इसमें मूँगफली है. आपने मूँगफली तो बोली नहीं.’’

बाबांनी झटकन चाचांकडे पाहिलं. पण बोलली आई. ‘‘ते माझं,’’ ती म्हणाली. ‘‘वाळलेली दिसायची हो बिचारी. संध्याकाळच्या पाण्यात मूठभर कूट घालत होते. कुटाशिवाय कुणाच्या अंगावर मांस चढलंय कधी?’’ चंदिगडच्या त्या तरुण पोरीनं पंजाबात आजवर कुणी डुकराला दाण्याचं कूट घातलेलं पाहिलं नसणार. ती तोंड वासून आईकडे बघत राहिली.

‘‘और ये छिलके?’’ तिनं विचारलं. ‘‘साबुत सोयाबीन है. उबला हुआ.’’

चाचांनी जमिनीकडे बघतच सांगितलं, ‘‘मेरा है जी.’’ पेंडीच्या दुकानदारावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. तो पेंडीत भुसा मिसळतो अशी त्यांची खात्री होती. पण दुकानदार बाबांनी ठरवलेला, त्याला नावं ठेवली तर वीरजींना लागेल. म्हणून ते बाजारातून दाणा घेत, घेताना चावून बघत, उरलेला तसाच खिशात राही. चाची पहाटे मोठ्या पातेल्यात तो उकडी आणि चाचा झाकलेली बादली नेऊन खुराकात ओतत. आपल्या घरचं घालत होते, गुपचूप.

डॉक्टरीण म्हणाली, ‘‘बस यही? या और भी कुछ है?’’ बाबांनी मागे बांधलेले हात सोडले. मग त्यांनी कबूल केलं. चाचांना सांगितलेल्या प्रमाणावर ते स्वतः रोज एक एक फावडं पेंड आणि चुरा जास्त टाकत होते. डेपोतली जुनी रीत. माल निघतानाच थोडा जास्त भरायचा, कारण वाटेत उंदीर खाणार, माणसं खाणार. चोराचा वाटा आधीच धरून ठेवला, की पोचायचं तेवढं बरोबर पोचतं. फक्त इथे वाटेत कुणी खाल्लंच नव्हतं. चोराचा तो वाटा पिल्लांच्या पोटात जात होता. चोर नव्हताच, आणि बाबांनी त्यालाही जेवायला घातलं होतं.

मला वाटलं, आता बाबा चाचांना मिठी मारतील. तसं काही झालं नाही. आमच्यात मिठ्या मारायची पद्धत नव्हती. बाबांनी वाकून फरशीवरचे दाणे वेचायला सुरुवात केली आणि शेवटचा दाणा हातात येईपर्यंत मान वर केली नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळी पेंड बंद करायला सांगितली नाही, कमी करायला सांगितली. मासळी काही दिवस नको, तांदळाची कणी शिजवून द्या, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. वाढीला लागतील तसं वाढवा. ‘‘म्हणजे पेज,’’ आई म्हणाली आणि बाबांकडे वळली. ‘‘उष्टावण झालेल्या पोराला दुसऱ्याच दिवशी आपण झुणका घालतो का? एवढं साधं मला सुचू नये, आणि मीही कूट घालत बसले!’’ तिनं तिथेच चुलीवर पातेलं चढवलं. त्यानंतरही काही पिल्लं गेली. पण हगवण हळूहळू आटली, मणके दिसेनासे झाले आणि एका सकाळी कोपऱ्यातली उरलेली सगळी पुन्हा एका ओळीत झोपलेली दिसली. आई त्यांच्याकडे बघत किती तरी वेळ उभी राहिली.

बाबांनी खुराकाच्या खोलीचं कुलूप काढून टाकलं. किल्ली चाचांना परत द्यायला गेले तर चाचा म्हणाले, ‘‘ताला ही नहीं, तो चाबी किसलिए, साब?’’ भागीदारी चालू राहिली. वरचा मजलाही राहिला. जिन्यावरून वाट्या जाऊ-येऊ लागल्या. काही दिवस खालून त्या कोरड्या आणि रिकाम्या आल्या, मग एकदा तळाशी साखर दिसली आणि आईनं ती वाटी देवापुढे ठेवली. मात्र शेडमधून निघताना चाचा दारात थांबत, बाबांकडे तोंड करून दोन्ही खिसे उलटे करून दाखवत आणि हसत. म्हटलं तर गंमत. कधी म्हणून चुकले नाहीत. शेडवरून, नंतर आमच्या घरातूनही, अगदी दिवाळीच्या जेवणाहून उठतानासुद्धा. ते अस्तर बाहेर लोंबताना दिसलं, की बाबा दुसरीकडे बघत. मला त्या हसण्याचा राग यायचा आणि बाबांचाही यायचा. माफी मागणं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. साखरेवर खूण काढणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं. आई म्हणायची, मला करमत नाही.

पुष्कळ वर्षांनी बाबांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा चालायचा. तोवर डुकरं विकून टाकली होती आणि चाचाही काठी टेकत चालत. खबर कळली तशी ते जिना चढून वर आले, एकेका पायरीवर थांबत. बाबांच्या उशाशी बसले, त्या डुकरिणीची आठवण काढली जी व्हिडिओ कॉलमध्ये किंचाळली होती, काकांची नक्कल केली. बाबांच्या डोळ्यांत हसू दिसत होतं. मग चाचा उठले. इतक्या वर्षांची सवय, विचार न करता दोन्ही हात कुडत्यात गेले आणि अस्तरं बाहेर आली. बाबांनी या वेळी मान वळवली नाही. डावा हात कसाबसा उचलला, जवळचं लोंबतं अस्तर बोटांत धरलं आणि हळूहळू, कोपरा कोपरा सरळ करत, ते आत सारलं. मग दुसऱ्या खिशाकडे बघितलं. तो त्यांच्या हाताला पोचत नव्हता. चाचांना कळलं. काठीवर भार देऊन ते जागच्या जागी वळले आणि दुसरी बाजू त्यांनी बाबांच्या हाताशी आणली.

‘‘बस, वीरजी,’’ ते म्हणाले. ‘‘हो गया.’’

बाबा त्यानंतरही काही महिने होते. चाचा रोज वर येत. खिसे त्यांनी पुन्हा कधी उलटे केले नाहीत.